आंब्रिकूरचा पाद्री आणि माझी ओपीडी

माझ्या क्वार्टरमध्ये मोबाइलला रेंज फक्त एका खिडकीत यायची. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारची खिडकी. त्या ओट्यावर बसून, भिंतीला पाठ टेकवून मी अकरा रात्रींत एक कादंबरी वाचली. पुस्तक डाऊनलोड झालेलं होतं, रेंजची काही गरज नव्हती. पण बसायची सवय तिथली झाली होती. लाइट गेले की ब्राइटनेस कमी करायचा, बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की थांबायचं.

कॉलेजातल्या मैत्रिणीनं ते पाठवलं होतं. सोबत एवढंच : "यातला हीरो तुझ्यासारखा आहे. गावात कुणालाच आवडत नाही."

सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालं की महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो. तो पूर्ण करायला मला घाटावरच्या एका तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं होतं. मी चोवीस वर्षांची, फ्लॅटमध्ये वाढलेली. गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ओपीडीच्या दारावर रांगेचे नियम लिहून लावले. सर्दी-खोकल्याला सुई द्यायची नाही असं ठरवलं. अशक्तपणा वाटतोय, सलाईन लावा म्हणणाऱ्यांना समजावून परत पाठवलं. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं. महिन्याभरात गावानं माझं नाव पाडलं : 'सुई न देणारी बाई'. माझ्या आधीचा डॉक्टर कसा देवमाणूस होता, हे मला रोज दोघे-तिघे तरी ऐकवायचे. तो हात लावला की सुई द्यायचा.

कादंबरीचं इंग्रजी नाव 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट'. मूळ फ्रेंच, १९३६ सालची, लेखक जॉर्ज बर्नानोस. नावाप्रमाणे ती एका खेड्यातल्या तरुण पाद्र्याची रोजनिशी आहे. उत्तर फ्रान्समधल्या आंब्रिकूर नावाच्या गावात त्याची पहिलीच स्वतंत्र नेमणूक झालेली आहे. पाद्र्याला स्वतःचं नाव नाही. म्हणजे असणार, पण तीनशे पानांत ते कुणी घेत नाही.

आपल्याकडे पुजारी म्हटलं की डोळ्यांसमोर गावचा गुरव येतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, त्याच्या आज्याला गावानं पाहिलेलं. कॅथलिक पॅरिशच्या पाद्र्याचं तसं नाही. बिशप नेमणूक करतो आणि तो बॅग घेऊन हजर होतो. आधीचा गेलेला असतो, पुढचा येणार असतो. हे आरोग्य खात्याच्या पोस्टिंगसारखंच आहे, असं मला पहिल्या रात्रीच वाटलं. नेमणूक झालेला माणूस गावाचा नसतो, पण गावाच्या सगळ्यात नाजूक जागी त्याला बसवलेलं असतं. जन्म, मरण, आजार आणि कुणाला सांगता येत नाहीत अशा गोष्टी, सगळं त्याच्या टेबलावर येतं.

हा पाद्री गरीब घरातला आहे, आणि त्या घराण्यात दारूचा इतिहास आहे. त्याच्या पोटात सतत दुखतं. अन्न पचत नाही म्हणून तो शिळा पाव स्वस्त वाइनमध्ये भिजवून, साखर घालून खातो. तेवढंच पोटात राहतं. गावात साहजिकच बोभाटा होतो, की पाद्री पितो. तो धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, तर सेराफिता नावाची एक हुशार मुलगी सगळ्यांदेखत त्याच्या डोळ्यांचं कौतुक करते आणि बाकीच्या पोरी खिदळतात. तो गावासाठी योजना आखतो, त्यातली एकही तडीला जात नाही. शेजारच्या तोर्सी गावचा एक दणकट, अनुभवी पाद्री आहे. तो त्याला बजावतो, की लोकांनी आपल्यावर प्रेम करावं ही अपेक्षाच चूक आहे. हा ऐकून घेतो आणि पुन्हा तीच अपेक्षा करतो.

मी हे वाचताना दर दोन पानांनी ओट्यावर हात आपटत होते. हे माझंच होतं.

कादंबरीच्या मध्यावर एक लांबलचक प्रसंग आहे. गावातलं मोठं घर म्हणजे काउंटचा वाडा. काउंटचं घरातल्या शिक्षिकेशी प्रकरण चालू आहे. मुलगी शांताल द्वेषानं पेटलेली आहे. काउंटेसला यातल्या कशाचंच काही वाटत नाही. तिचा लहानगा मुलगा काही वर्षांपूर्वी गेला आणि तेव्हापासून ती देवाशी अबोला धरून बसली आहे. पाद्री तिच्याशी बोलायला जातो आणि दोघांमध्ये अक्षरशः झुंज होते. शेवटी ती गळ्यातलं मुलाच्या केसांची बट असलेलं पदक आगीत फेकते. पाद्री आगीत हात घालतो. त्या संध्याकाळी तिचं पत्र येतं, की इतक्या वर्षांनी मनाला शांतता मिळाली. आणि त्याच रात्री ती मरते.

शांतालनं खिडकीखाली उभं राहून अर्धंमुर्धं ऐकलेलं असतं. पाद्र्यानं आईला छळलं आणि त्या धक्क्यानं ती गेली, अशी गोष्ट ती पसरवते. वरिष्ठ चौकशीला येतात. पाद्र्याकडे काउंटेसच्या हस्ताक्षरातलं पत्र आहे. ते एक पान टेबलावर ठेवलं तर विषय संपतो. तो ते दाखवत नाही.

त्या पानावर मी मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. कारण त्याच दिवसांत माझ्याही बाबतीत काही घडलं होतं.

एक बाई ओपीडी संपल्यावर माझ्याकडे आली होती. कधी, कुठल्या घरातली, किती वर्षांची, हे मी लिहिणार नाही. गाव आणि इतरही काही तपशील मी या लेखात बदललेले आहेत. तिनं दार लावून घेतलं. ती पाऊण तास बोलली. बहुतेक वेळ मी नुसतं ऐकत होते. शेवटी तिनं विचारलं, मी काय करू. मी डॉक्टर म्हणून जे सांगायला हवं होतं ते सांगितलं, आणि कुठे मदत मिळेल तेही. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "तुम्ही इथल्या नाही म्हणून बोलले."

पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेली आणि परत आली नाही. आशाताईंनी मला पहिल्यांदा सांगितलं, की गावात काय बोललं जातंय. डॉक्टरबाईनं तिच्या डोक्यात काहीतरी भरवलं. शहरातल्या बायका अशाच, स्वतःला घर नाही आणि दुसऱ्याची घरं मोडतात. मग घरची माणसं आली. चार पुरुष आणि एक म्हातारी. टेबलाच्या पलीकडे उभे राहून त्यांनी विचारलं, "काय सांगितलंत तुम्ही तिला?" सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. शिपाई दारात होता, त्याच्यामागे अर्धी रांग. मी म्हणाले, "पेशंट माझ्याशी काय बोलला ते मी कुणाला सांगत नाही." म्हातारी म्हणाली, "म्हंजे काहीतरी सांगितलंच."

दोन वाक्यं बोलले असते, तर ती माणसं खाली मान घालून गेली असती. पण मग तिला त्या तालुक्यात कुठेही तोंड दाखवता आलं नसतं. मी गप्प बसले. पुढचे दोन महिने बायका ओपीडीला येईनाशा झाल्या. गरोदर बायकांना आशाताई हाताला धरून आणायच्या, तेव्हा त्या यायच्या.

तर पाद्र्यानं पत्र खिशात ठेवलं तेव्हा मला काय झालं असेल, हे तुमच्या लक्षात येईल. मला फक्त दुःख झालं नाही. मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावात, नव्वद वर्षांपूर्वी, माझ्यासारखाच कुणीतरी होता. गाव आंधळं होतं आणि तो बरोबर होता. मी मैत्रिणीला मेसेज केला, "हे पुस्तक माझ्याबद्दल आहे." रेंजच्या खिडकीतून तो लगेच गेला.

शेवट मी घाईघाईत वाचला. पाद्री लिल शहरात डॉक्टरकडे जातो. डॉक्टर स्वतःच मॉर्फिनच्या आहारी गेलेला आहे. पाद्र्याला पोटाचा कॅन्सर असल्याचं कळतं. सेमिनरीतला एक जुना मित्र, ज्यानं पाद्रीपण सोडलं आहे आणि एका बाईबरोबर राहतो आहे, त्याच्या खोलीवर तो मरतो. मला रडू आलं. बाँड संपला, बदली झाली नाही तर सुटकाच झाली, आणि मी गाव सोडलं.

काही वर्षांनी, एका मोठ्या शहरात मेडिसिनला पीजी करत असताना, हॉस्टेलवर आम्ही 'फर्स्ट रिफॉर्म्ड' नावाचा सिनेमा पाहिला. २०१७चा, पॉल श्रेडरचा. इथन हॉकनं साकारलेला पाद्री रोजनिशी लिहितो, पितो, आणि तब्येत ढासळत असताना दवाखान्यात जाणं टाळतो. दहाव्या मिनिटाला मला ओळख पटली. श्रेडर हा 'टॅक्सी ड्रायव्हर'चा पटकथाकार. बर्नानोसच्या कादंबरीवर रॉबेर ब्रेसाँनं १९५१मध्ये केलेल्या सिनेमाचं ऋण त्यानं अनेकदा मान्य केलेलं आहे. मग तो जुना, ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाही पाहिला. क्लोद लेडूचा तो खंगलेला चेहरा, काळा झगा, सायकल. आणि टेबलावर पावाचा तुकडा आणि वाइनचा ग्लास.

ते टेबल बघताना पोटात कसंसंच झालं. मी कादंबरी पुन्हा उघडली.

या वेळी मी ती डॉक्टर म्हणून वाचली. आणि मग लाजच वाटली. पहिल्या पन्नास-शंभर पानांतच सगळं लिहिलेलं आहे. पोटदुखी. अन्न नकोसं होणं. वजन उतरणं. पुढे तो रात्री रस्त्यात कोसळतो, रक्ताची उलटी होते, चिखलात पडून राहतो. त्याला शोधून काढते ती सेराफिताच, वर्गात टिंगल करणारी. ती त्याचं तोंड पुसते. तरुण माणूस, वजन घटलेलं, खाल्लेलं पोटात राहत नाही, रक्ताची उलटी. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर दुसऱ्या वर्षाच्या मुलानंही धोक्याची लक्षणं म्हणून खुणा केल्या असत्या. मी एमबीबीएस झालेली, त्या वेळी सरकारी दवाखाना चालवत असलेली डॉक्टर, आणि पहिल्या वाचनात लिलच्या डॉक्टरनं सांगेपर्यंत मला कॅन्सरची शंकासुद्धा आली नव्हती. मी त्याच्या एकटेपणात इतकी गुंतले होते, की त्याच्या पोटाकडे माझं लक्षच गेलं नाही.

आणि मग मला गवंडीमामा आठवले.

आठवले म्हणजे विसरले होते असं नाही. दुसऱ्या कप्प्यात ठेवलं होतं. पन्नाशीचा माणूस, गवंडीकाम करणारा. दर पंधरा दिवसांनी यायचा. तोंडाला सकाळी दहा वाजताही देशी दारूचा वास. तक्रार एकच, पोटात जळजळतं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून द्यायचे आणि वर एक भाषण द्यायचे. "मामा, आधी दारू सोडा, मग पोट आपोआप बरं होईल." रांगेतली माणसं हसायची. तेही हसायचे. एकदा ते म्हणाले, "बाई, भाकर उतरत नाही. तेवढीच एक गोष्ट पोटात ऱ्हाते." मी म्हणाले, "सगळे पिणारे असंच म्हणतात." पुन्हा रांग हसली. त्या दिवशी मला जरा बरंही वाटलं होतं, कारण कितीतरी दिवसांनी गाव माझ्या बाजूनं हसलं होतं.

चार महिन्यांत ते सात-आठ वेळा आले असतील. मी त्यांना एकदाही टेबलावर झोपवून पोट तपासलं नाही. वजन केलं नाही. शौचाला काळं होतं का, हे विचारलं नाही. रांग लांब होती हे खरं आहे, पण तो बहाणा आहे. मला वासानंच निदान मिळालं होतं.

मग ते यायचे थांबले. मला वाटलं, माझं भाषण ऐकून रागावले. पुढे सिस्टर म्हणाल्या, की मुलानं त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, दुर्बिणीतून तपासलं, पोटात गाठ निघाली, आता काही करण्यासारखं नाही. माझा बाँड संपण्याच्या आतच ते गेले. मी चार महिने आधी चिठ्ठी देऊन पाठवलं असतं तर ते वाचले असते का? हा आजार बऱ्याचदा उशिराच कळतो, त्यामुळे कदाचित नाही. पण हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आता त्याचा उपयोग होत नाही.

म्हणजे ज्या रात्री मी ओट्यावर बसून आंब्रिकूरच्या लोकांवर दात-ओठ खात होते, त्याच दिवसांत सकाळी मी आंब्रिकूर होते. पाद्र्याच्या तोंडाला वाइनचा वास येतो म्हणून तो दारुडा, एवढंच गावानं पाहिलं होतं. मीही तेवढंच पाहिलं. फरक एवढाच, की गावाकडे स्टेथोस्कोप नव्हता.

परक्या माणसाची कादंबरी वाचताना आपण सगळे परक्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. ती खुर्ची आरामशीर असते. रोजनिशी असेल तर जास्तच, कारण आतला 'मी' आपल्याशी थेट बोलत असतो आणि गाव लांबून, धूसर दिसतं. पण कुठल्याही गावात परका एक असतो आणि बाकीचे गाव असतात. हिशेब केला तर आयुष्यातले बहुतेक दिवस आपण बाकीच्यांतच असणार. हॉस्टेलवर नवीन आलेली मुलगी, ऑफिसात वेगळ्या भाषेत बोलणारा, सोसायटीत एकटी राहणारी बाई. त्यांच्या रोजनिशीत आपण कसे असू?

मला वाटतं बर्नानोसला हे माहीत होतं. त्याचं लहानपण उत्तर फ्रान्समधल्या फ्रेसाँ गावात गेलं होतं आणि कादंबरीतला प्रदेश तोच आहे. पण लिहिली त्यानं दूर, स्पेनच्या माजोर्का बेटावर. १९३४मध्ये तो बायकोमुलांना घेऊन तिथे राहायला गेला. सहा मुलं, पैशांची ओढाताण. १९३३मधल्या मोटरसायकलच्या अपघातानंतर तो काठ्या घेऊन चालायचा. गंमत म्हणजे या अख्ख्या कादंबरीत पाद्र्याला निखळ आनंद होतो तो एकदाच, शांतालच्या नात्यातल्या एका सैनिकाच्या मोटरसायकलवर मागे बसून भरधाव जाताना. ज्या यंत्रानं पाय नेला त्याच यंत्रावर त्यानं आपल्या पाद्र्याला पाच मिनिटांचं तारुण्य दिलं.

कादंबरी आली त्याच वर्षी, जुलै १९३६मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. बर्नानोस कट्टर कॅथलिक, राजेशाहीवादी. सुरुवातीला त्याची सहानुभूती फ्रँकोच्या बाजूला होती, त्याचा मुलगाही त्या बाजूला सामील झाला होता. पण माजोर्कावर त्या बाजूनं संशयावरून माणसं मारायला सुरुवात केली आणि चर्च गप्प राहिलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. १९३८मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं, आपल्याच बाजूच्या विरोधात. आपल्या लोकांना ते झोंबलं. आपण गाव आहोत हे ओळखून ते छापील अक्षरांत सांगणं किती जड असतं, याचा मला थोडासा, फारच थोडासा अंदाज आहे.

कादंबरीत मधूनमधून एक बारीक टीप येते, की इथली काही पानं वहीतून फाडलेली आहेत. पहिल्यांदा वाचताना मी त्या टिपा ओलांडून गेले होते. आता मला तीच पानं दिसतात. रोजनिशीतही तो सगळं सांगत नाही. हा लेख लिहिताना मी त्या बाईबद्दलचे दोन परिच्छेद आधी लिहिले आणि मग काढून टाकले. त्यात ती काय बोलली ते होतं. ते वाचून तुम्ही नक्की माझ्या बाजूचे झाला असता, आणि मला तेच नको होतं. ते पत्र खिशातच राहील. गवंडीमामांचं मात्र लिहिलं. तिथे लपवून मी फक्त स्वतःला वाचवत होते.

पाद्र्याच्या मृत्यूची हकीकत रोजनिशीत नाही, कशी असणार. ती त्या मित्राच्या पत्रातून येते. शेवटचा संस्कार करायला बोलावलेला पाद्री वेळेत पोचत नाही. पाद्रीपण सोडलेला, गावानं आणि चर्चनं ओवाळून टाकलेला तो मित्रच शेवटी पापक्षमा देतो. त्यावर मरणारा माणूस जे म्हणतो ते मूळ फ्रेंचमध्ये तीन शब्दांचं आहे. ते मी इथे लिहीत नाही. तीनशे पानं चालून गेल्यावर ते वाचावेत, नाहीतर ते व्हॉट्सॲपच्या सुविचारासारखे वाटतात. मी देव मानत नाही, तरी त्या तीन शब्दांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. गवंडीमामांना ते लागू होतात का, या प्रश्नावर ते अडलं आहे.

आता मी ज्या हॉस्पिटलमध्ये आहे तिथल्या ओपीडीत सकाळी दोनशे पेशंट असतात. परवा एक जण आला, रिक्षावाला. लांबूनच वास आला. मागे उभ्या असलेल्या ज्युनिअर डॉक्टरनं माझ्याकडे बघून किंचित हसू आणलं. मीही त्याच्या वयात तसंच हसले असते. वाक्य माझ्याही जिभेवर आलंच होतं, ते काही जात नाही.

मी म्हणाले, "मामा, आधी टेबलावर झोपा. शर्ट वर घ्या."

पोट मऊ होतं. गाठ लागली नाही. वजन लिहून घेतलं, रक्त तपासायला सांगितलं, दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी दिली. दारूबद्दलही बोलले, पण सगळ्यात शेवटी, आणि हळू आवाजात. तो उठून शर्टाची बटणं लावत म्हणाला, "मॅडम, एवढं कुणी बघत नाही."

रांग खोळंबली होती. मी पुढच्याला आत बोलावलं.